ताईचं बेट

१

क्लिनिक सुटलं की मी थेट ताईकडे जायचे. दार भावजी उघडायचे. हातात फडकं नाहीतर झारा, आणि तोंडात ठरलेलं वाक्य, "ये बाई. एकजण सकाळपासून बॅग भरून बसलीय."

ताईचा पलंग त्यांनी हॉलमध्ये आणला होता, खिडकीला लागून. पलंगाच्या डोक्याशी ऑक्सिजनचं मशीन. ताईने त्याचं नाव 'सवत' ठेवलं होतं. दिवसरात्र घरात घुरघुरत असते आणि नवऱ्याचं सगळं लक्ष तिच्याकडे, असं म्हणायची. भावजी फ्रिज दुरुस्तीचं काम करायचे. मशीनचा आवाज जरा बदलला की दुसऱ्या खोलीतूनही त्यांना कळायचं.

ताई मुलांना पोहायला शिकवायची. अर्ध्या शहराच्या पोरांना तिने हात धरून पाण्यात उतरवलं होतं, आणि आता त्याच बाईला पलंगावरून उठून खुर्चीत बसलं तरी धाप लागायची. फुप्फुसं कडक होत चालली होती. उन्हात विसरलेल्या स्पंजासारखी, असं डॉक्टरांनी मला आणि भावजींना जिन्यात गाठून सांगितलं. खोलीत तिच्यासमोर ते वेगळं बोलले. तिने विचारलं, "बरी झाले की समुद्रात जाऊ ना?" डॉक्टर म्हणाले, "जरूर जा," आणि लगेच पेनाचं टोपण शोधायला लागले. टोपण पेनालाच होतं. ते तिने पाहिलं, मीही पाहिलं.

त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "ठमे, उद्या येताना तुझा लॅपटॉप आण. बेट निवडायचंय."

तेव्हापासून आमचा तो उद्योगच होऊन बसला. मी चहा करायचे, लॅपटॉप तिच्या मांडीवरच्या उशीवर ठेवायचे आणि आम्ही दोघी समुद्र पालथा घालायचो. रिसॉर्ट निवडणं हे काही खायचं काम नाही, हे मला तेव्हा कळलं. मला सगळी सारखीच दिसायची. निळं पाणी, पांढरी वाळू, खांबांवर उभ्या लाकडी खोल्या. ताई मात्र मुलगी बघायला आल्यासारखी नाकं मुरडायची. "हे नको, इथे प्रवाळ बघायला होडीने जावं लागतं. मला खोलीतून निघून सरळ पाण्यात शिरायचंय." "हे नको, बेटाभोवतीचं पाणी बघ, गुडघाभर. मासे काय, डास मिळतील." "आणि हे तर मुळीच नको. समुद्राच्या मधोमध ज्यांनी पोहायचा तलाव बांधलाय, त्यांना समुद्राचं काय कळतं?"

भावजी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "तुम्ही दोघी रोज जगप्रवास करून या. भांडी आहेत इथे मी घासायला."

ती जाणार नाही हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. पण त्या तासाभरात तिचा चेहरा पूर्वीसारखा व्हायचा. म्हणून मी रोज नवीन बेटं शोधून न्यायचे.

२

शेवटी एक बेट तिला पसंत पडलं. अगदी लहान. एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसेल असं. त्याच्यावर एकच रिसॉर्ट, तेही जुनंपानं, आणि किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर समुद्राचा तळ एकदम खोल जातो तिथे प्रवाळाची भिंत. रिसॉर्टचे स्वतःचे फोटो यथातथाच होते. पण तिथे जाऊन आलेल्या लोकांनी पाण्याखाली काढलेले बरेच व्हिडिओ होते.

"आवाज वाढव," ताई म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले.

पाण्याखाली फारसा आवाज नसतो. दूर कुठेतरी तडतड, आणि तोंडातल्या नळीतून चाललेला, व्हिडिओ काढणाऱ्याचा स्वतःचा श्वास, बस्स. मी पडद्यावर बघत होते. पिवळ्या माशांचा एक थवा वळला. आणि ऐकता ऐकता माझा चहाचा कप हातातच राहिला.

श्वास आत जाताना मध्येच अडत होता. अंधारात पायरी चुकावी तसा. मग उरलेला अर्धा घाईघाईने आत जायचा आणि शेवटी बारीकशी शीळ.

आजारात ताईचा श्वास असाच झाला होता. मला वाटलं, हा तिचाच ऐकू येतोय, माझ्या शेजारी तर बसलीय. मी तिच्याकडे पाहिलं. ती अगदी गप्प होती. छाती खाली गेलेली, नवा श्वास घ्यायच्या बेतात. आणि लॅपटॉपमधून शीळ आली.

घरी जाताना स्वतःलाच समजावलं. माझं कामच मुळी कानांचं. लोकांना ऐकू येतं की नाही ते तपासायचं, यंत्रं बसवून द्यायची. माणसाला जे ऐकायची भीती असते ते त्याला आधी ऐकू येतं, हे मी रोज बघते. शिवाय मशीन चालू, पंखा चालू, खिडकी उघडी. त्यात काय ऐकलं आणि काय नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी, लख्ख उजेडात, हेडफोन लावून मी तो व्हिडिओ माझ्या घरी ऐकला. श्वास अडला. अर्धा आत गेला. शीळ.

व्हिडिओ कुणा अनोळखी माणसाचा होता. तो त्याने टाकला तेव्हा ताई धडधाकट होती, तलावाच्या काठावर उभी राहून शिट्टी फुंकत होती.

मग मी त्या बेटाचे बाकीचे व्हिडिओ लावले. कुणी जोडप्याने काढलेले, कुणी म्हाताऱ्याने, एक तर शाळकरी मुलीने. सगळ्यांच्या नळीतून ताई श्वास घेत होती. इतर बेटांचे लावले. तिथे माणसं आपापला श्वास घेत होती.

३

मी ताईचा श्वास फोनवर टिपून घेतला, ती डुलकी काढत असताना. दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना दोन्ही तुकडे ऐकवले. कशाचे ते सांगितलं नाही. त्या फार सरळ बाई आहेत, उगाच काही मनात आणणाऱ्यातल्या नाहीत.

त्यांनी दोन्ही ऐकले. पुन्हा ऐकले.

"एकच पेशंट ना?" त्या म्हणाल्या. "पण हा दुसरा कुठे रेकॉर्ड केलास? बाथटबमध्ये?"

मी हसले. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "दुसऱ्यात जरा बरी आहे ती. औषध बदललं का?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. घरी येऊन पुन्हा ऐकलं. खरंच. पहिल्या दिवशी व्हिडिओतला श्वास जितका अडत होता तितका आता अडत नव्हता. व्हिडिओ तोच, पिवळे मासे तेच, त्याच क्षणी वळणारे. श्वास मात्र दिवसागणिक मोकळा होत होता. आणि इकडे हॉलमध्ये, पलंगावर, तो रोज थोडा आखूड होत होता.

मी बेट बदलायचं ठरवलं.

"ताई, हे बघ किती सुंदर आहे. इथे कासवं दिसतात म्हणे."

"कासवं तिथेही आहेत," ती म्हणाली. "धक्क्याच्या डावीकडून गेलं की एक मोठं आहे. पाठीला टवका उडालेलं. माणसाला घाबरत नाही."

"तुला कसं माहीत?"

"व्हिडिओत होतं की."

कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. मी ते सगळे इतक्यांदा पाहिले होते की डोळे मिटून सांगितले असते.

"अगं, पण ते रिसॉर्ट किती जुनाट आहे," मी म्हणाले. "खोल्या बघ."

"मला खोलीत कुठे राहायचंय?" ताई म्हणाली. तिने माझा हात हातात घेतला. "ठमे, रागावू नकोस. तू दुसरी बेटं दाखवतेस ना, तेव्हा मला गुदमरल्यासारखं होतं."

तिची बोटं माझ्या मुठीत होती. टोकं पांढरी पडलेली, सुरकुतलेली. फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी.

४

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. भावजी औषधं आणायला गेले होते. दाराची एक किल्ली माझ्याकडे असायची. मी दार उघडून आत गेले. चप्पल काढताना सवतीची घुरघुर ऐकली आणि नेहमीसारखी हाक मारली, "आले गं!"

उत्तर आलं नाही. झोपली असेल.

हॉलमध्ये पलंग रिकामा होता.

नाकातली नळी उशीवर पडली होती आणि फुस्स करत हवा सोडत होती. पांघरूण एका बाजूला सारलेलं. तिला एकटीने उभं राहता येत नव्हतं. बाथरूमला न्यायचं तर आम्ही दोघं लागायचो. मी बाथरूममध्ये पाहिलं. कोरडं. स्वयंपाकघरात पाहिलं. गॅसवर झाकलेलं पातेलं. आतल्या खोलीत पाहिलं, दारामागे पाहिलं, इतकंच काय कपाटही उघडलं, लाज वाटेल असं. मग बाल्कनीकडे धावले आणि कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. खाली नेहमीसारखा रस्ता. एक माणूस स्कूटर पुसत होता.

मी वळले तेव्हा हॉलमधून खोकला ऐकू आला.

ताई पलंगावर होती. आडवी, एका कुशीवर, नळी शोधत होती. मी धावत जाऊन ती तिच्या नाकात बसवली. तिची छाती भात्यासारखी हलत होती. ओठ निळसर. बोलायला बराच वेळ लागला तिला.

"कुठे होतीस?" मी विचारलं.

"इथेच."

"नव्हतीस. मी बघितलं."

"मग नीट बघितलं नसशील," ती म्हणाली आणि हसली. लहानपणी चोरून तलावावर जाऊन आल्यावर आईपुढे हसायची तसंच. तिचे केस मानेला चिकटले होते. मी हात लावला. घाम असेल, ताप उतरला की येतो तेवढा घाम. मी टॉवेल आणला आणि गप्प पुसत राहिले. घामच होता असं आजही म्हणायला मी तयार आहे. घामाचीही चव खारटच असते.

"परत येताना फार त्रास होतो गं," ताई डोळे मिटून म्हणाली. मग झोप लागली तिला.

५

भावजी आले तेव्हा मी त्यांना स्वयंपाकघरात ओढलं आणि सगळं सांगितलं. व्हिडिओ, डॉक्टरीणबाई, रिकामा पलंग. सांगताना मलाच माझं हसू येत होतं. ते मला वेड्यात काढतील, जा, दोन दिवस घरी झोप काढ म्हणतील, अशी मी वाटच बघत होते.

त्यांनी औषधाची पिशवी ओट्यावर ठेवली. नळ सोडून हात धुतले, नॅपकिनला पुसले.

"दुपारी ती झोपून उठली की मी तिची चादर बदलतो," ते म्हणाले. "तुला माहितीय?"

"हो."

"वाळू असते."

"वाळू?"

"पायथ्याशी. चिमूटभर, कधी जास्त. पांढरी. पहिल्यांदा वाटलं, भिंतीचा रंग पडतोय. छताला हात लावून बघितला. मग वाटलं, मशीनमधून काही येतंय का, म्हणून ते सगळं खोललं." त्यांनी नॅपकिन जागेवर टांगला. "आता झाडून टाकतो. तिला कळू देत नाही."

"भावजी, आपण हे बंद करू. लॅपटॉप मी उद्यापासून आणतच नाही."

"तो आणला नाहीस म्हणून ती जायची थांबेल का?"

"एखाद दिवशी ती तिथेच राहिली तर?"

हॉलमधून घुरघुर येत होती आणि त्या घुरघुरीखाली तिचा श्वास. अडायचा, अडायचा, मग कसाबसा पुढे सरकायचा. आम्ही दोघं उभ्या उभ्या तो ऐकत राहिलो. प्रत्येक श्वासाला भावजींचे खांदे किंचित वर उचलले जात होते, जणू त्यांनी जोर लावला तर तो आत जाईल.

"तिथे कसा असतो?" त्यांनी विचारलं. "तू ऐकलास ना. तिथे कसा घेते ती?"

मी हेडफोन त्यांच्या कानांना लावले आणि तो पहिला व्हिडिओ सुरू केला. तो संपेपर्यंत ते हलले नाहीत. आता त्यात अडखळणं उरलंच नव्हतं. लांब, सावकाश, खोल श्वास होता. तलावाच्या काठावर उभी राहून ती पोरांना दाखवायची तसा.

हेडफोन काढून त्यांनी माझ्या हातात दिले. चेहरा पुसला. मग हॉलमध्ये जाऊन तिच्या पलंगाच्या कडेवर बसले.

"काय गं," ते म्हणाले, "नुसतं बघतच बसणार आहात का दोघी? की बुकिंगही करायचं?"

ताईने डोळे उघडले. आधी त्यांच्याकडे, मग दारात उभ्या माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं समजलं असावं.

"तुम्ही करा," ती त्यांना म्हणाली. "ती करणार नाही."

मी "थांबा" म्हणाले. खरंच म्हणाले, मोठ्याने. भावजींनी चष्मा लावला, लॅपटॉप पुढे ओढला आणि एका बोटाने, शोधून शोधून, तिचं नाव टाइप केलं. तारीख पुढच्या ऋतूची टाकली, समुद्र शांत असतो तेव्हाची. ताई त्यांच्या दंडाला टेकून पडद्याकडे बघत होती. शेवटचं बटण दाबताना त्यांचं बोट वरच थबकलं, तेव्हा तिने आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. जोर कुणी दिला, ते मला दिसलं नाही.

६

ताई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. सकाळची वेळ होती. भावजी तिच्या उशाशी बसून पेपर वाचून दाखवत होते, हवामानाची बातमी, आणि त्यांना मशीनचा आवाज बदलल्यासारखा वाटला म्हणून त्यांनी वर पाहिलं. आवाज बदलला नव्हता. दुसरा आवाज थांबला होता.

लोक आले, गेले. तलावावरची पोरं आली, त्यातल्या काहींना आता मिशा होत्या. मशीन भाड्याचं होतं, ते न्यायला माणूस आला. त्याने बटण बंद केलं आणि घर एवढं शांत झालं की भावजी उठून गॅलरीत गेले.

सगळं आटोपल्यावर मी हेडफोन लावले. मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त आशा. मी ते सगळे व्हिडिओ एकामागून एक लावले. जोडपं, म्हातारा, शाळकरी मुलगी. प्रत्येकजण आपापला श्वास घेत होता. म्हाताऱ्याला तर चांगलाच दमा होता. ताई कुठेच नव्हती.

मी किती वेळ रडले कोण जाणे. ती गेली तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.

७

ऋतू बदलला. मी अजूनही क्लिनिक सुटलं की तिकडे जायचे. पलंग परत आतल्या खोलीत गेला होता, हॉलमध्ये त्याच्या पायांचे ठसे तेवढे राहिले होते. चहा आता भावजी करायचे, जरा पांचटच. आम्ही फारसं बोलायचो नाही. बुकिंगची आठवण आम्हा दोघांनाही राहिली नव्हती.

अशाच एका संध्याकाळी, ऊन उतरत असताना, भावजींचा फोन वाजला. त्यांचे हात कणकेचे होते म्हणून मी घेतला.

"नमस्कार, मी रिसॉर्टच्या स्वागतकक्षातून बोलतेय," एक तरुण, गोड आवाज म्हणाला. मागे वाऱ्याची फडफड होती. "आपल्याकडच्या पाहुण्यांबद्दल फोन केलाय. आज त्यांचं बुकिंग होतं."

"हो, ते... माफ करा. कळवायचं राहून गेलं. त्या येऊ शकणार नाहीत."

ती मुलगी म्हणाली, "नाही, मॅडम, आल्यात त्या. तेच सांगायचंय. खोलीची किल्ली घ्यायला आल्याच नाहीत, सामानही दिसत नाही. सरळ पाण्यातच गेल्यात. सकाळपासून आहेत."

"दुसरं कुणीतरी असेल," मी म्हणाले.

"आज दुसरं कुणी उतरलेलंच नाहीये." ती संकोचली. "आमच्याकडे सूर्य मावळला की पाण्यात राहू देत नाहीत. आमचे पोहण्याचे मास्तर दोनदा होडी घेऊन गेले. त्या हात करतात आणि पुढे जातात. चेहरा पाण्यातच असतो हो, बोलायचं तरी कसं? म्हटलं, घरचं कुणी सांगितलं तर..."

भावजी दारात येऊन उभे होते. फोनचा आवाज मोठा होता, त्यांनी सगळं ऐकलं असणार. कणकेचे हात तसेच पुढे करून त्यांनी फोन घेतला आणि कानाला लावला.

"बाळ," ते म्हणाले, "तिला धाप लागतेय का?"

"धाप? नाही काका." ती मुलगी हसली असावी. "छे. आम्ही सगळे इथे उभे राहून बघतोय त्यांना. दमतच नाहीत त्या."

भावजींनी डोळे मिटले. त्यांचे खांदे वर गेले आणि सावकाश खाली आले. बाहेर रस्त्यावर कुणीतरी मुलांना घरी बोलावत होतं, नावं घेऊन घेऊन.

"काका? काय सांगू मास्तरांना? अंधार पडतोय."

"राहू दे तिला," भावजी म्हणाले.